मोठी तेवढी उचलली

शेरडांवर रोग आला त्या वर्षी मी सातवीत होतो. आमची वस्ती मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. सात घरं. प्रत्येकाची शेरडं, एक-दोन म्हशी, आणि नाचणी-वरईचं एखादं तिरपं वावर. पावसाळ्यात शेरडं घरातच असायची. आम्ही एका बाजूला, ती एका बाजूला, मधे बांबूच्या कामट्यांचा कूड. त्या पावसाळ्यात आधी त्यांची नाकं गळायला लागली, मग तोंडं आली, मग हगवण. आबा, म्हणजे माझे वडील, पावसात चालत वेल्ह्याला गुरांच्या डॉक्टरला आणायला गेले. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. डॉक्टर आले तेव्हा तेविसातली नऊ उरली होती, आणि डॉक्टर गेल्यावर आठवड्यात चार राहिली.

मेलेली पुरायला माती उकरावी लागते आणि पावसात तो खड्डा पाण्यानं भरतो. आई खड्ड्यातलं पाणी पातेल्यानं उपसत होती, हे मला स्वच्छ आठवतं. रडत नव्हती. त्या वर्षी घरात दूध नाही, विकायला बोकड नाही. नाचणीची आंबील आणि कुर्डूची रानभाजी यावर आम्ही पाच माणसांनी दिवाळीपर्यंत दिवस काढले. माझी थोरली बहीण शाळेतून घरी बसली ती त्याच वर्षी. मला मात्र शाळेत ठेवलं. का, ते मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता विचारायला लाज वाटते.

चार शेरडांतून आबांनी पुन्हा खांड, म्हणजे कळप, उभं केलं. पाच-सहा वर्षं लागली. करडं झाली की ती बांबूच्या डालग्याखाली झाकायची, आणि महिना-दीड महिन्यानं आबा एकेक उचलून बघायचे. अंगानं भरलेलं, पायात ताकद असलेलं ते ठेवायचं. बारकं, किरकिरं बाजाराला. मी शेजारी उभा राहायचो. आबा विचारायचे, "बोल, कंचं ठिवायचं?" मी मोठ्यावर बोट ठेवायचो. ते बहुतेक वेळा हो म्हणायचे. एवढ्यावरून मी समजलो की मला ही विद्या आली.

बारावी आणि बी.एस्सी. मी भोरला वसतिगृहात राहून केली. एम.एस्सी. पुण्याला. आमच्या सात घरांतला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि हे मी त्या दिवसांत भेटेल त्याला सांगायचो. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलेलं आहे. पण दुसऱ्या बाजूनं असं होतं, की पुण्यातल्या हॉस्टेलवर शर्ट पुन्हा पुन्हा हुंगून बघायचो. शेरडांचा वास राहिला असेल तर? घरून आलो की दोन दिवस कुणाच्या जवळ बसायचो नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या.

दोन हजार सालच्या आसपास मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.ला लागलो. काम यीस्टवर. यीस्ट म्हणजे पावाच्या पिठात घालतात ते. एकाच पेशीचा जीव, पण आपल्या पेशीत जे चालतं त्यातलं बरंच त्याच्यातही चालतं. त्याची सगळी जनुकं तेव्हा वाचून झाली होती, पण त्यातल्या कितीतरी जनुकांचं काम काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या सरांनी त्यातलं एक घेतलं होतं. त्याला धड नावही नव्हतं, अक्षरं आणि आकडे यांचा एक लांबलचक नंबर होता. एवढं मात्र दिसत होतं की त्यापासून जे प्रथिन बनतं ते फॉस्फटेज आहे.

हे मी आबांना समजावलं होतं, तसंच इथं सांगतो. बाजारात आपली शेरडं ओळखू यावीत म्हणून आपण पाठीवर गेरूचा ठिपका देतो. पेशीतही तसंच आहे. एखाद्या प्रथिनाला कामाला लावायचं, तर दुसरं एक प्रथिन त्याच्यावर फॉस्फेटचा ठिपका लावतं. काम झालं की तिसरं येऊन तो पुसतं. पुसणाऱ्याला फॉस्फटेज म्हणायचं. आबा म्हणाले, "म्हंजी तुमी पुसणाऱ्याच्या मागं लागलाय." मी हो म्हटलं. "कुणाचा ठिपका पुसतोय त्यो?" तेच तर शोधायचं होतं. शोधायची रीत सोपी असते: ते जनुक यीस्टमधून काढून टाकायचं आणि मग यीस्टचं काय बिघडतं ते बघायचं.

हे काम माझ्या आधी तीन वर्षं एक जण करत होत्या. त्या भोरच्या. मुसलमान घरातल्या, वडिलांचं पेठेत शिंप्याचं दुकान. मी त्यांना ताई म्हणायचो. प्रयोगशाळेत सगळे इंग्रजीत नाहीतर पुण्याच्या मराठीत बोलायचे. आम्ही दोघं एकटे असलो की आमची बोली निघायची.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "तू वेल्ह्याचा न्हवं? मग हितं पोचलास कसा? तुमच्याकडं गेलेली एसटी म्हणं परत वळत न्हाई, थितंच मुक्काम करती."

"मागनं ढकलली, ताई."

"बरं केलंस. या पाहुणं, बसा. आमी भोर संस्थानातली माणसं, पाहुण्याला चहा पाजल्याबिगर कामाला लावत न्हाई." त्या दिवसापासून त्या मला पाहुणं म्हणायच्या.

ताईंचं म्हणणं असं होतं: जनुक काढलेलं यीस्ट फार हळू वाढतं. आणि त्याला खारट पाण्यात टाकलं, तर ते जे गप्प होतं ते पुन्हा वाढीला लागायला नेहमीच्या यीस्टपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतं. यावर त्यांचा सगळा प्रबंध उभा होता. अडचण एकच होती, त्यांचे आकडे कधीकधी हलायचे. मधेच एखाद्या वेळी तेच यीस्ट भराभर वाढायचं. सरांना ते पटत नव्हतं. प्रबंध पुढं पाठवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी, ताईंच्या हातांशिवाय, सगळं पहिल्यापासून करून बघावं असं त्यांनी ठरवलं. ते दुसरं कुणीतरी म्हणजे मी. मला लागून सहा महिने झाले होते. माझ्या हातून तोच निकाल आला तर ताईंना पीएच.डी. मिळणार होती. नाही आला तर नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काम असं असतं. डीप फ्रीजरमधल्या नळीतलं थोडं यीस्ट काढून प्लेटवर, म्हणजे जेलीसारखं खाद्य घातलेल्या ताटलीवर, पसरायचं. दोन-तीन दिवसांत तिथं पांढरे ठिपके उगवतात. एकेक ठिपका म्हणजे एका पेशीची लाखो लेकरं. त्याला कॉलनी म्हणतात. टूथपिकनं एक कॉलनी उचलायची, नव्या प्लेटवर न्यायची, पुन्हा वाढवायची. असं चार-पाचदा केलं की मोजमापाला घ्यायचं.

माझ्या पहिल्या प्लेटवर मोहरीएवढेही नसतील असे बारीक ठिपके भरले होते, आणि त्यांच्यात तीन-चार चांगले टपोरे होते. माझी टूथपिक टपोऱ्यांकडं गेली. मी काही ठरवलं नव्हतं. करडं निवडताना बोट जसं जायचं तसाच हात गेला. पुढच्या प्लेटवर टपोरे जास्त आले, त्यातलेही सगळ्यांत मोठे उचलले. तिसऱ्या प्लेटवर बारीक ठिपके उरलेच नाहीत. मला वाटलं, चला, आता यीस्टनं जीव धरला. फ्रीजरमधून आलं की सुरुवातीला मरगळलेलं असणारच. वहीत मी लिहिलं, "एक कॉलनी उचलली." कुठली, ते लिहिलं नाही. ताई आपल्या वहीत प्रत्येक प्लेटचं वर्तुळ काढून, कुठली कॉलनी घेतली तिथं बाण करायच्या. मला ते पोरकट वाटायचं.

मोजमाप झालं. जनुक काढलेलं यीस्ट आणि साधं यीस्ट, दोघांच्या वाढीच्या रेघा एकमेकींवर बसल्या. काहीही फरक नाही. जनुकाला काही कामच नाही.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सहा महिन्यांच्या पोरानं तीन वर्षांच्या कामातली चूक काढली! त्या संध्याकाळी मी ताईंना न सांगता आधी सरांना जाऊन रेघा दाखवल्या.

सोमवारी सगळ्यांची बैठक असायची. दहा-बारा जण, लांब टेबल, भिंतीवर प्रोजेक्टर. मी माझ्या रेघा दाखवल्या, इंग्रजीत, पाठ करून आलेलो होतो. सर ताईंना म्हणाले, "काही विचारायचं आहे?"

 ताई माझ्याकडं वळल्या आणि सरळ आमच्या बोलीत बोलल्या. "पाहुणं, खरं सांग हां. कॉलन्या कंच्या उचलल्या? करडं निवडल्यागत मोठी मोठी तर न्हाई ना घेतली?"

टेबलाभोवती हशा झाला. काहींना शब्दच गमतीचे वाटले. एकानं "करडं म्हणजे?" विचारलं आणि दुसऱ्यानं "बकरीचं पिल्लू रे" म्हणून सांगितलं, की पुन्हा हशा. माझे कान तापले. मला वाटलं, हरायला लागल्यावर ही बाई माझी जात, माझं घर, माझा वास सगळ्यांसमोर काढते आहे. इतके दिवस शर्ट हुंगत होतो ते उघड्यावर आणलं.

मी म्हटलं, "नाही." आणि एवढ्यावर थांबलो नाही. "सरसकट उचलल्या. हाताला येईल ती."

"नक्की?"

"नक्की."

ताईंनी विचारलं ते अगदी नेमकं होतं. त्या खोलीत तो प्रश्न विचारू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं, आणि त्याचं खरं उत्तर देऊ शकेल असाही दुसरा कुणी नव्हता. हे मला आज दिसतं. आमच्या बोलीत विचारलं ते मला हिणवायला नव्हे. माझ्या हाताला काय सवय असेल हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. मला सुटायला वाट ठेवून त्यांनी हसत विचारलं होतं.

सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ताईंना सांगितलं की दुसरं जनुक घेऊन नव्यानं सुरुवात कर. फेलोशिपचे सहा-सात महिने राहिले होते, एवढ्यात नवा प्रबंध कुणाचाच होत नाही. ताईंनी पंधरा दिवसांत टेबल आवरलं. स्वारगेटला मी त्यांना सोडायला गेलो, कारण बाकी कुणी गेलं नाही आणि मी न जाणं वाईट दिसलं असतं. भोरची एसटी लागली होती. त्या म्हणाल्या, "फ्रीजरमधल्या माझ्या नळ्या टाकू नगंस. एवढं कर."

"नाही टाकणार."

"आनि खात जा जरा. हाडं दिसाया लागलीत." मग त्या चढल्या. मी हात केला. त्यांनी केला नाही, पण खिडकीतून बघत होत्या.

मनाची समजूत मी अशी घातली होती: सगळ्या कॉलन्या एकाच वाणाच्या, एकाच आईची लेकरं, मोठी घेतली काय, बारकी घेतली काय, फरक काय पडतो? म्हणजे मी खोटं बोललो ते फक्त अब्रूपुरतं, निकालाला त्यानं धक्का नाही. या समजुतीवर मी सात महिने काढले. सरांनी मला दुसरं काम दिलं, मी ते करत होतो.

मे महिन्यात घरी गेलो. आबा दावणीपाशी बसून करडं बघत होते. एक काळं करडू बाकीच्यांच्या दीडपट होतं. मी म्हटलं, "हे ठेवायचं ना, आबा? बोकड होईल चांगला."

"न्हाई."

"का? सगळ्यांत मोठं तेच आहे."

"मोठं हाय, पर कशापायी मोठं हाय त्ये बघितलंस का?" त्यांनी करडू धरून माझ्या पुढ्यात आणलं. "ह्याची आय ती बघ, तिकडं कडंला. आटल्यालीच हाय ती. हे चोरून दुसऱ्या चौघींना पितंय. ह्याच्या संगं जलमल्याली करडं वाळली, आनि ह्ये फुगलं. ह्याला ठिवलं तर पुढं ह्याची औलाद आयशीसारखीच किडमिडी निघंल."

"पण लहानपणी तुम्ही तर मोठीच ठेवायचा. मला विचारायचा, मी मोठं दाखवायचो, तुम्ही हो म्हणायचा."

आबा हसले. "आरं, तू दावायच्या आदी मी चार दिस त्याला एकल्या आयशीपाशी बांधून बगितल्यालं असायचं. मंग तुला विचारायचो. पोराला वाटावं आपुन निवडलं."

आई चुलीपुढून ओरडली, "आता त्यो मोठा सायेब झालाय, त्याला नगा शिकवू."

"सायेबाला येत न्हाई म्हणून तर सांगतोय," आबा म्हणाले.

मी भाकरी खाल्ली की नाही, मला आठवत नाही. एवढं आठवतं की त्या मोठ्या काळ्या करडाकडं बघत बसलो होतो. टपोऱ्या कॉलन्या टपोऱ्या का होत्या? हे मी कधी विचारलंच नव्हतं. जनुक काढलेलं यीस्ट अडखळतं. अडखळणाऱ्या लाखो पेशींत एखादीचं आणखी काहीतरी योगायोगानं बदललं, आणि त्यामुळं तिची अडचण सुटली, तर ती भराभर वाढणार. तीच टपोरी दिसणार. मी पाच वेळा वेचून वेचून अशीच उचलली होती. ताईंचं यीस्ट मी मोजलंच नव्हतं. त्यांचे आकडे मधेच का हलायचे तेही तेवढ्यात कळलं. त्यांच्या पातळ खाद्यातही मधूनच एखादी अशी पेशी शिरजोर होत असणार.

लोक म्हणतात, चूक कळली की माणूस लगेच धावतो. मी धावलो नाही. पुण्याला परतून मी आणखी दीड महिना गप्प बसलो. रोज सकाळी ठरवायचो, आज सरांना सांगू. मग वाटायचं, सांगितलं तर काढून टाकतील. वस्तीत पहिला ग्रॅज्युएट, आणि हाकललेला. आबांना काय सांगू? या विचारात ताई एकदाही यायच्या नाहीत, सगळं माझंच. हे लिहिताना मला सगळ्यांत जास्त लाज वाटते ती या दीड महिन्याची.

शेवटी एका रविवारी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, ताईंची नळी काढली. प्लेटवर पसरली. तिसऱ्या दिवशी बारीक ठिपके आले, मधे तीन-चार टपोरे. या वेळी बारकी उचलली, आणि जिथून उचलली तिथं वहीत वर्तुळ काढून बाण केला. मोजलं. यीस्ट हळू वाढलं. खारट पाण्यात टाकलं, तर सकाळचं संध्याकाळपर्यंत हललं नाही. ताईंनी लिहिलं होतं तसंच, सगळं.

वही घेऊन मी भोरला गेलो. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या, दुकानात गणवेशांचा ढीग पडला होता आणि ताई मशीनशेजारी बसून बटणं लावत होत्या. सकाळी बारावीच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायच्या आणि दुपारी वडिलांना मदत. त्यांच्या वडिलांनी टेप गळ्यातून काढून मला खुर्ची दिली.

"बसा, पाहुणं. कुठलं गाव तुमचं?"

"मार्गासनीच्या वरची वस्ती."

"व्हय का! मंग तुमच्याकडची शेरडं म्हंजे काय बोलायचं. आमी ईदीचं बोकड तुमच्याच वरच्या लोकांकडनं घेतो. फसवायचं न्हाईत कंदी, माणसं चोख." आणि आत हाक मारून चहा सांगितला.

मी ताईंना वही दिली. त्यांनी हात पुसले, पानं उलटली, त्या बाणापाशी थांबल्या. मशीन बंद झालं होतं.

"मोठी उचलल्यालीस," त्या म्हणाल्या.

"हो."

"आनि मी विचारलं तवा तुला ठाऊक हुतं."

"उचलली ते ठाऊक होतं. त्यानं बिघडतं ते ठाऊक नव्हतं."

"बिघडतं का न्हाई ते मी बघितलं असतं. तू निस्तं व्हय म्हणायचं हुतंस. एक शब्द." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझी साडेतीन वर्षं गेली, पाहुणं. हितं लोक माझ्या अब्बांना विचारत्यात, पोरगी शिकून परत का आली. अब्बा म्हंत्यात, तब्येत बरी नव्हती. खोटं बोलत्यात माझ्यासाठी. पन्नास वर्षं कुणाचं कापड चोरलं न्हाई त्यांनी."

मी म्हटलं, "ताई, मला माफ करा."

"माफी फुडं बघू. आदी जितं न्हाई म्हणालास, तितंच व्हय म्हण. सोमवारी. सगळ्यांसमोर, त्याच टेबलाला. सरांच्या केबिनमदी दार लावून न्हाई."

चहा आला. मी प्यायलो. त्यांचे वडील पुन्हा पुन्हा खारी पुढं करत होते, आणि ती नाकारायचं मला धैर्य नव्हतं.

सोमवारी बैठकीत दुसऱ्याचं भाषण होतं. ते संपल्यावर मी उभा राहिलो. इंग्रजी जमवून आणलं होतं, पण तोंडातून मराठीच आलं. मी सांगितलं की गेल्या वर्षी ताईंनी मला विचारलं होतं, करडं निवडल्यासारखी मोठी तर उचलली नाहीस ना, आणि मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. मी पाचही वेळा मोठीच उचलली होती. मला राग आला होता, कारण मी शेरडंवाल्याचा मुलगा आहे हे सगळ्यांना कळलं असं वाटलं. आणि शेरडंवाल्यांनाही, मोठं दिसलं की ठेवायचं, एवढंच येत नसतं. मी त्यांचीही विद्या अर्धीच शिकलो होतो.

या वेळी कुणी हसलं नाही.  सर म्हणाले, "तुला मी आज काढून टाकू शकतो. माहीत आहे ना?"

"हो, सर."

"वही ठेव इथं. आणि तिचा घरचा फोन नंबर दे."

त्यांनी मला काढलं नाही. का नाही, ते कधी बोलले नाहीत. माझ्याशी वर्षभर कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. पण त्यांनी स्वतः भोरला फोन केला. ताईंच्या वडिलांशी आधी बोलले, चूक आमच्याकडून झाली असं सांगितलं. कागदपत्रं हलली, ताईंना आठ महिन्यांची मुदत मिळाली. श्रावणात ताई परत आल्या. त्यांना पाहिलं तेव्हा माझी नजर जमिनीला होती. त्या म्हणाल्या, "वर बघ रं. तुझ्या त्या फुगलेल्या कॉलन्या ठिवल्यात का, का त्या पण फेकल्या?"

त्या ठेवलेल्या होत्या. त्या ताईंनी मागून घेतल्या आणि माझ्या मोजमापापेक्षा कितीतरी जास्त मिठाच्या प्लेटवर टाकल्या. साध्या यीस्टला ते मीठ सोसतं. माझ्या कॉलन्या एकूण एक मेल्या. "बघ," त्या म्हणाल्या, "तुझी मोठी मिठावर टिकली न्हाईत." मग आम्ही दोघांनी मिळून त्यांत काय बदललंय ते शोधलं. मी बारीकसारीक हातचं काम करायचो, डोकं त्यांचं. मिठाचा धोका आला की पेशीत इशारा देणारी प्रथिनांची एक साखळी असते; इशाऱ्याचा ठिपका पुसला गेला नाही तर पेशी वाढ रोखूनच धरते. माझ्या सगळ्या मोठ्या कॉलन्यांत त्या साखळीतलीच एक ना एक कडी तुटलेली निघाली. इशारा देणारंच मोडलं होतं, म्हणून त्यांना पुसणाऱ्याची गरज उरली नव्हती.

पुढं एका परिषदेत कुणीतरी मला विचारलं, "ती मोठ्या कॉलन्यांची युक्ती कुणाला सुचली? फार सुंदर आहे." मी सांगितलं, सुचली नव्हती, मी चुकून उचलल्या होत्या आणि वर नाकारलं होतं. त्यांना ती नम्रता वाटली. मी दोनदा सांगून पाहिलं, तरी त्यांना ती नम्रताच वाटली.

माफी मी पुन्हा मागितली नाही. ताईंनीही तो विषय काढला नाही. मी अजून त्यांना ताई म्हणतो आणि त्या अजून मला पाहुणं म्हणतात. त्या हल्ली भोरजवळच्या एका कॉलेजात शिकवतात.

जे झालं ते असं. मिठाचा धोका टळला की त्या इशाऱ्याच्या प्रथिनावरचा ठिपका पुसायचा, आणि पेशीला पुन्हा वाढीला लावायचं, हे त्या जनुकाचं काम. ते आम्ही दाखवून दिलं. शोधनिबंध छापून आला, त्यावर पहिलं नाव ताईंचं आणि दुसरं माझं. ताईंना मुदतीच्या आत पीएच.डी. मिळाली. मला तीन वर्षांनी, दुसऱ्या जनुकावर.